जमिनीची मात्रा

श्रोतेहो, ज्यांच्या घरात कधीकाळी ट्रान्झिस्टर होता, त्यांना आठवत असेल. केंद्र लावायचं म्हणजे ते गोल बटण दोन बोटांत धरून केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचं. खरखर यायची, मग शिट्टी, मग कुठल्या तरी अनोळखी भाषेतलं गाणं, पुन्हा खरखर, आणि त्या खरखरीच्या पोटातून बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज वर यायचा. आमच्या लातूरच्या घरात हे काम अब्बांकडे होतं. एकदा केंद्र लागलं की आम्हा भावंडांना रेडिओजवळून जोरात चालायचीही बंदी. पुढे बटण दाबलं की आपलं आपण केंद्र शोधणारे रेडिओ आले. मोठी सोय झाली. पण त्यांची एक खोड आहे. जोरदार केंद्र आलं की ते थांबतात, आणि लांबचं, क्षीण केंद्र आलं की ते नाहीच असं समजून पुढे निघून जातात. अब्बांना ते कधी आवडले नाहीत. "याला ऐकूच येत नाही," म्हणायचे.

आज मी रेडिओवर बोलत असलो तरी बोलणार आहे दुसऱ्याच एका यंत्राविषयी. जमिनीतला धातू शोधणाऱ्या यंत्राविषयी. मेटल डिटेक्टर. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या पेपरात जो तुटला तो तुटलाच. तेव्हा या विषयावर मी का बोलावं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पुढे येईल.

माझा भाचा एका कंत्राटदाराकडे पाणीपुरवठ्याच्या कामावर आहे. आपल्या लातूरला पाण्याचं महत्त्व मी काय सांगावं? 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. तर, जुन्या पाइपलाइनवर ठिकठिकाणी व्हॉल्व असतात आणि त्यांवर लोखंडी झाकणं असतात. रस्त्यावर डांबराचा थर चढतो, त्यावर दुसरा चढतो, आणि झाकण खाली जातं. ज्या माणसाला ते कुठंय हे माहीत असतं तो निवृत्त होतो. मग भाच्याला ते यंत्र घेऊन रस्त्यावर फिरावं लागतं. एक काठी, वर डबी, खाली ताटलीएवढी कॉइल, कानाला हेडफोन. पोरं मागे लागतात, "काका, सोनं सापडलं का?" झाकण जड लोखंडाचं, फार खोलही नाही. यंत्र असं ओरडतं की हेडफोनशिवाय ऐकू यावं.

त्याच्या यंत्रात एक सोय आहे. तिला ते लोक ग्राउंड बॅलन्स म्हणतात. आपण जमीन जुळवणं म्हणू. ती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून जरा थांबतो.

कॉइलमधून वीज सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट वाहते. त्यामुळे खालच्या जमिनीत चुंबकीय लाटा जातात. वाटेत धातू असला तर त्याच्या अंगात वीज भोवऱ्यासारखी फिरते आणि तो धातू स्वतःची एक क्षीण लाट परत पाठवतो. यंत्र ती ऐकतं. इथवर सोपं आहे. भानगड अशी की जमीनही उत्तर देते. विशेषतः आपली. मराठवाड्याचा बहुतेक भाग ज्या काळ्या दगडावर बसलाय तो लाव्हारसाचा दगड आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात लोहाचे चुंबकीय कण ठासून भरलेत, आणि तोच दगड झिजून आपली काळी माती झाली. लहानपणी आम्ही फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून दोरीला बांधायचो आणि ओढ्याच्या वाळूतून ओढत न्यायचो. चुंबकाला काळ्या चुऱ्याची दाढी फुटायची. ती दाढी म्हणजे हेच कण. त्यामुळे इथल्या मातीवर नुसती कॉइल धरली तरी यंत्र कुरकुरतं.

मग धातू आणि माती वेगळी ओळखायची कशी? फरक वेळेचा आहे. मातीचं उत्तर जवळजवळ लगेच येतं, धातूचं किंचित मागाहून. तबला ऐकणाऱ्याला हे पटकन कळेल. यंत्राला सांगायचं, बाबा, अमुक मात्रेवर जमीन बोलते, ती मात्रा मोजू नकोस. त्या मात्रेशिवाय जे काही वाजेल तेवढं मला ऐकव. जमीन जुळवणं ते एवढंच.

हे दोन तऱ्हांनी करता येतं. एक हातानं. जिथं खाली धातू नाही अशी स्वच्छ जागा बघायची. कॉइल जमिनीजवळ न्यायची, हातभर वर उचलायची, परत खाली, परत वर. खाली नेताना आवाज चढत असेल तर बटण एकीकडे फिरवायचं, वर उचलताना चढत असेल तर दुसरीकडे. वर-खाली केलं तरी आवाज एकसारखा राहिला की जमीन जुळली. दुसरी तऱ्हा आपोआपची. त्यातही एक प्रकार असा की बटण दाबून धरायचं, कॉइल चार वेळा वर-खाली करायची आणि आकडा यंत्रानंच ठरवायचा. हा प्रकार निरुपद्रवी आहे, कारण एकदा ठरवलं की यंत्र त्या आकड्यावर थांबतं. खरा आपोआपचा म्हणजे ट्रॅकिंग. तुम्ही चालत राहता, यंत्र क्षणाक्षणाला खालची जमीन चाखतं आणि आपला आकडा बदलत राहतं. काळी माती संपली, मुरूम लागला, रस्त्याचा भराव लागला, तुम्हाला काही करावं लागत नाही. भाच्याच्या कामाला हे वरदान आहे. दिवसभरात तो दहा तऱ्हेच्या जमिनींवरून जातो. त्याच्या यंत्रात दोन्ही सोयी आहेत, पण ट्रॅकिंगचं बटण त्यानं यंत्र हातात घेतलं त्या दिवशी चालू केलं ते पुन्हा कधी बंद केलं नव्हतं.

आता माझ्या फूफीविषयी. फूफी म्हणजे अब्बांची बहीण, आत्या. तिचं सासर तेरणाकाठच्या एका गावात होतं. गावाचं नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही, कारण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झालं ते त्या काठच्या सगळ्याच गावांत सारखं झालं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. थंडी-उन्हाला उत्तम घर. त्या पहाटे ते सगळं झोपलेल्यांवर आलं.

फूफी त्या रात्री गावात नव्हती. ती लातूरला आमच्याकडे होती. माझी बहीण बाळंत होणार होती आणि आमची अम्मी आजारी, म्हणून फूफी आठवडाभरासाठी आली होती. मुलगी सहा वर्षांची. तिला बरोबर आणणार होती, पण मुलीलाच गणपतीची मिरवणूक बघायची होती. वाड्यातली सगळी पोरं जाणार होती, तिला कोण थांबवणार? ती बापाजवळ राहिली. फूफी गावी पोहोचली तेव्हा दोघांची दफनविधी झाली होती. कुणी केली, कुठल्या जागी, हे लोकांनी सांगितलं, बोट दाखवलं. तिनं मुलीला पाहिलं नाही.

त्या आठवड्यात जन्मला तो हा माझा भाचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण घरात न सांगितलेलं सगळ्यात आधी कळतं.

लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. नवी घरं, आखलेले रस्ते. फूफी तिथं फार राहिली नाही, आमच्याकडेच आली. जुनं गावठाण तसंच पडून राहिलं. त्यावर बाभळी आल्या, चांगला दगड लोकांनी हळूहळू उचलून नेला. उरलं ते पांढरीचं. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि वस्तीला पांढरी. शेकडो वर्षं माणसं राहून, माळवदं पडून, राख सांडून तयार झालेली माती. लक्षात ठेवा, हे पुढे कामाला येणार आहे.

2023 साली भूकंपाला तीस वर्षं झाली. त्या हिवाळ्यात फूफी एके दिवशी जेवता जेवता म्हणाली, चुलीच्या बाजूला मी एक गाडगं पुरलं होतं. त्यात पोरीची चांदीची हसली होती. तीस वर्षांत तिनं हा शब्द काढला नव्हता. आम्ही काही बोललो नाही. भाचा ताटावरून उठला आणि हात धुवायला गेला तो बराच वेळ आला नाही.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर उद्या लोक माझ्या दारात उभे राहतील. उभे राहिलेच होते. आम्ही यंत्र घेऊन गेल्याचं कळल्यावर एका सद्गृहस्थानं मला चहा पाजला आणि म्हणाले, "कवी, आमच्या मळ्यात जुनी गढी आहे, मशीन आणा, निम्मं-निम्मं." मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं बेवारस धन सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हा कायदा 1878 चा आहे आणि अजून आहे. शंभर वर्षांवरच्या वस्तूंसाठी 1972 चा पुराणवस्तूंचा वेगळा कायदा आहे. आणि गुप्तधनाच्या नावाखाली करणी-भानामती, अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रानं 2013 साली आणखी एक कायदा केलाय. आपल्या शेजारचं तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारं नगर. तिथल्या मातीतून आलेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात जाऊन बघाव्यात. यंत्र घेऊन तेरला जाऊ नये. फूफीची गोष्ट वेगळी. वस्तू तिची, जागा तिच्या चुलीची. तरीही आम्ही ग्रामपंचायतीला लेखी पत्र दिलं, तलाठ्यांना सांगितलं, आणि गेलो.

पहिला दिवस वाया गेला. फूफी खुर्चीत बसून दाखवत होती, "यहींच था रे, चुल्हे के बाजू में." पण चूल कुठं होती हेच कळेना. भाचा यंत्र फिरवत होता आणि यंत्र सारखं वाजत होतं. आम्ही उकरत होतो. कडीपाटाचे खिळे. एक मोडका विळा. सायकलची घंटी. बाटल्यांची झाकणं. गुटख्याच्या पुड्या, त्यांच्या आतल्या चमकत्या कागदालाही यंत्र धातूच समजतं. काही ठिकाणी तर काहीच नाही, नुसता काळा दगड. भोवतालच्या मातीपेक्षा एखाद्या दगडात लोह जास्त असलं की यंत्र फसतं. दुपारी एका जागी त्याला बारीकसं काही ऐकू आलं. "मामू, इथं काहीतरी आहे." त्यानं कॉइल तिथंच फिरवली. पुन्हा आवाज, जरा कमी. पुन्हा फिरवली, आणखी कमी. पाच-सहा वेळा फिरवल्यावर काहीच नाही. "दगड असणार," तो म्हणाला आणि पुढे सरकला. मी त्या जागी उगीच एक काटकी खोचून ठेवली. का ते सांगता येणार नाही. अर्धवट सुचलेली ओळ कागदाच्या कोपऱ्यावर लिहून ठेवायची सवय असते, तसं काहीतरी.

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार आहेत. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे खडकीच्या केंद्रात घडलेले. 2001 च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर सीमेवर फौजा गेल्या, सुरुंग पेरले गेले, आणि पुढे तेच सुरुंग काढावे लागले. हवालदार त्या कामावर होते. नाव सांगू नका म्हणाले, म्हणून सांगत नाही. संध्याकाळी ओट्यावर मी त्यांना दिवसभराची हकीकत सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "आवाज कमी होत गेला म्हणता? मशीन ट्रॅकिंगवर होतं का?"

मला कुठलं माहीत? भाच्याला हाक मारली. तो म्हणाला, हो.

"मग तो दगड नसंल बी," हवालदार म्हणाले. "तू मशीनला शिकवलंस की हीच जमीन हाय."

त्यांनी मग जे समजावलं ते मला रात्रभर पुरलं. ट्रॅकिंगमध्ये यंत्र सतत जमिनीशी जुळवून घेत असतं. जे पुन्हा पुन्हा कानावर येतं ते जमिनीचंच, असं ते धरून चालतं. मोठा आवाज असला तर फसत नाही, तो जमिनीपेक्षा फार वेगळा असतो. पण बारीक आवाज असला आणि तुम्ही खात्री करून घ्यायला त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरवलंत, तर प्रत्येक खेपेला यंत्र त्याचा थोडा थोडा भाग जमिनीच्या खात्यात टाकतं. शेवटी तो सगळाच तिकडे जातो. म्हणजे जितकी काळजी घ्याल तितकं हरवेल. हवालदारांच्या कामात याचा अर्थ काय, ते मी त्यांच्या तोंडावरून वाचलं. आताच्या सुरुंगात धातू असतो तो एखाद्या पिनेएवढा. बाकी सगळं प्लॅस्टिक. अंगोला, मोझांबिक, कंबोडिया अशा देशांत, जिथं माती लोहानं लाल आहे, तिथं सुरुंग काढणाऱ्यांचा निम्मा जीव जमिनीच्या कुरकुरीनंच जातो.

ते आणखी एक सांगत होते. हे यंत्र मुळात रेडिओच्या घराण्यातलं. गेर्हार्ड फिशर नावाचा जर्मनीत जन्मलेला अभियंता अमेरिकेत विमानांसाठी रेडिओनं दिशा दाखवणारी यंत्रं बनवत होता. मध्ये धातू किंवा खनिजाचे साठे आले की दिशा चुकायची. चूक कशानं होते हे शोधता शोधता धातू शोधायचं यंत्र हाती आलं, 1937 साली त्याला पेटंट मिळालं. त्याच्याही आधी, 1881 साली, टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल असंच एक यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले होते. राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना 2 जुलैला गोळी लागली होती आणि ती शरीरात कुठं रुतलीय ते कळत नव्हतं. बेल यांचं यंत्र घरी उत्तम चाललं होतं. तिथं मात्र सगळीकडेच वाजू लागलं. रोग्याच्या गादीखाली पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी उजव्या बाजूलाच शोधू दिलं, कारण गोळी उजवीकडेच आहे अशी त्यांची खात्री होती. 19 सप्टेंबरला गारफिल्ड गेले. गोळी डावीकडे निघाली. बेल यांच्या यंत्राची जमीन म्हणजे ती गादी होती, आणि ती कुणी जुळवलीच नव्हती.

दुसऱ्या रविवारी हवालदार आमच्याबरोबर आले. त्यांनी आधी यंत्राला हातच लावला नाही. गावठाणात फिरले, बूट काढून. मग ढिगाऱ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, पांढरीतच, एक जागा निवडली. भाचा म्हणाला, शेताच्या कडेला मोकळी जागा आहे, तिथं जुळवू. हवालदार म्हणाले, "शोधायचंय पांढरीत आणि जुळवायचं काळीत? काळी वेगळी बोलती, पांढरी वेगळी." ट्रॅकिंग बंद केलं. कॉइल खाली, वर, खाली, वर. बटण केसभर फिरवलं. मला अब्बा आठवले. मला हेडफोन दिला आणि म्हणाले, ऐका. कानात एक बारीक गुंजारव होता, माशी दूर कुठं तरी भिरभिरत असावी तसा. कॉइल वर-खाली झाली तरी तो हलेना. मग त्यांनी बटण अगदी थोडं पुढे नेलं, इतकं की खाली नेताना गुंजारव किंचित चढावा. "जमीन पार गप केली की बारीक आवाजबी गप होतो," म्हणाले. "थोडी बोलू द्यावी."

चूलही त्यांनीच शोधली, तीही यंत्रानं. धातूच्या आवाजानं नाही. एका जागी यंत्राची जमीन अचानक बिघडली, गुंजारव हातभर जागेत दाट झाला. आम्हाला वाटलं, लागलं. ते म्हणाले, नाही, ही जळलेली माती आहे. माती वर्षानुवर्षं भाजली की तिच्यातलं लोह जास्त चुंबकीय होतं. विटेचंही तसंच. वरची माती सारली तर खाली लालसर, भाजलेली माती आणि तीन काळे दगड. फूफी खुर्चीतून उठून आली. त्या दगडांकडे बघत उभी राहिली. तिची चूल होती.

आणि माझी काटकी त्या दगडांपासून दोन हातांवर होती.

चुलीची माती वेगळी बोलते म्हणून हवालदारांनी तिच्या कडेला पुन्हा एकदा जमीन जुळवली. मग काटकीपाशी सावकाश कॉइल नेली. एकदा. थांबले. उलट्या दिशेनं नेली. मला हेडफोन दिला. आवाज होता. सांगू कसा? शेजारच्या खोलीत कुणी झोपेत कूस बदलावी एवढा. पण दरवेळी त्याच जागी, आणि कमी होत नव्हता. दहा वेळा नेली तरी तेवढाच.

भाच्यानं खुरप्यानं माती काढायला घेतली. वीतभर खाली गाडग्याच्या खापऱ्या लागल्या. गाडगं फुटून पसरलं होतं. हसली नव्हती. त्याखाली खणलं, बाजूला खणलं, यंत्र फिरवलं. नव्हती. ढिगारे उपसताना कुणाच्या हाती लागली असेल, किंवा यंत्र पोहोचणार नाही इतकी खोल गेली असेल. पण खापऱ्यांपासून जरा अंतरावर, मातीच्या ढेकळात, काळी पडलेली एक बारीक साखळी निघाली. पैंजण होतं. एकाच पायाचं.

साखळी यंत्राला फार अवघड जाते, हे हवालदारांनी परतताना सांगितलं. अखंड कडं असलं तर त्याच्या सबंध अंगात वीज फिरते, आवाज मोठा येतो. साखळीत प्रत्येक कडी सुटी, वीज तेवढ्याच कडीपुरती फिरते. म्हणून चांदीची असूनही ती कुजबुजते. आपोआप जुळवणाऱ्या यंत्रानं ती जमिनीत धरली यात यंत्राचा दोष नाही. व्हॉल्वच्या झाकणासाठी केलेलं यंत्र आहे ते. पुढच्या सोमवारी भाच्यानं ट्रॅकिंग पुन्हा चालू केलं आणि ते बरोबरच होतं. रस्त्यावर दर दहा पावलांना कॉइल वर-खाली करत बसला असता तर कंत्राटदारानं त्याला घरी बसवलं असतं.

फूफीच्या हातात पैंजण दिलं तेव्हा मी तिला विचारलं, हेही गाडग्यात ठेवलं होतंस का? ती म्हणाली, नाही. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "ये तो उसके पाँव में था." भाचा तिच्या पायाशी मातीत बसला होता. तो काही बोलणार होता, पण फूफीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि केसांतली माती झटकू लागली. तो तीस वर्षांचा माणूस, नवरा, एका मुलाचा बाप. ती झटकतच राहिली.

महिनाभरानं भाच्याला देगलूरकडे काम लागलं. नांदेड जिल्ह्याच्या त्या टोकाला आपला काळा दगड संपतो आणि ग्रॅनाइट सुरू होतो. माती वेगळी, दगड वेगळा. त्याचा संध्याकाळी फोन आला. "मामू, सहज म्हणून ट्रॅकिंग बंद करून हातानं जुळवलं. आपल्याकडं आकडा 85 च्या आसपास यायचा. इथं बराच खाली आला. आणि शांत आहे एकदम, कानात काहीच नाही."

"मग थोडी बोलू दे," मी म्हणालो.

तो हसला. मग विचारलं, "नानीनं ते पैंजण घासलं का? चिंचेनं निघेल म्हणावं."

मी म्हणालो, घासलं नाही. तुझ्या अम्मीनं दोनदा विचारलं. मातीसकट रुमालात बांधून ठेवलंय आणि रुमालाला कुणाला हात लावू देत नाही.